चरबीतून घडणारी साद

मुरबाड-शहापूरच्या भातखाचरांत पावसाळ्यात काठीला बांधलेले कामगंध सापळे दिसतात. वर झाकण, खाली नरसाळे, त्याला लोंबणारी प्लास्टिकची लांब पिशवी. झाकणाच्या आत रबराची इवलीशी गोळी, म्हणजे ल्यूर. सकाळी पिशवीत सापडतात ते पिवळ्या खोडकिड्याचे नर पतंग. याच किडीची अळी खोडात शिरली की रोपाचा गाभा सुकतो. पीक निसवताना शिरली तर लोंबी पोचट, पांढरी निघते. तीच पळींज.

नराला ओढणारा मूळ गंध मादीचा. ल्यूरमध्ये असते ती कारखान्यात केलेली नक्कल. त्यात मुख्य घटक म्हणजे अल्डिहाइड प्रकारची दोन संयुगे, साधारण ३:१ प्रमाणात. दोन्हींत कार्बनचे अणू सोळाच. फरक एवढाच, की एकात दुहेरी बंध अकराव्या कार्बनपाशी, तर दुसऱ्यात नवव्यापाशी.

पतंगांच्या माद्या असे गंध चरबीपासून बनवतात. सुरुवात बहुधा पामिटिक आम्लापासून होते. तेच आम्ल आपल्या पामतेलात आणि तुपातही भरपूर असते. मादीच्या पोटाच्या टोकाशी असलेल्या ग्रंथीत डेल्टा-११ डिसॅच्युरेज नावाचे एन्झाइम या आम्लाच्या कार्बन-साखळीतले दोन हायड्रोजन काढून घेते आणि अकराव्या कार्बनपाशी दुहेरी बंध तयार होतो. आपल्या यकृतातले अशा प्रकारचे एन्झाइम नवव्या कार्बनवर काम करते. अकरावा गाठणे ही पतंगांची खासियत. काही जातींत पुढे साखळी दोन-दोन कार्बनांनी आखूड होते. मग रिडक्टेज नावाचे दुसरे एन्झाइम आम्लाचे अल्कोहोल करते, आणि त्यापासून कुठे अ‍ॅसिटेट, कुठे अल्डिहाइड. मोजक्याच पायऱ्या, पण त्यांची जुळणी बदलून शेकडो जातींनी आपापला वेगळा गंध घडवला, याचे मला फार अप्रूप वाटते. युरोपातल्या मक्याच्या खोडकिडीत दोन वाण आहेत. दोघांचे घटक तेच, प्रमाण मात्र उलटेपालटे, आणि हा फरक येतो एका रिडक्टेजच्या जनुकामुळे.

ग्रंथी दिवसरात्र चालू नसते. बहुतेक निशाचर जातींत अंधार पडल्यावर मेंदूलगतच्या चेतागुच्छातून ३३ अमिनो आम्लांचे एक संप्रेरक सुटते आणि काम सुरू होते. कीटकशास्त्रज्ञ अशोक रैना आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये त्याची रचना उलगडली.

त्याआधी तीस वर्षे, १९५९ मध्ये, जर्मनीचे रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ बुटेनांट यांनी रेशीमकिड्याच्या मादीचा गंध, बॉम्बिकॉल, ओळखला. त्यासाठी सुमारे पाच लाख माद्यांच्या ग्रंथी लागल्या आणि हाती आले काही मिलिग्रॅम. आज तेवढ्या माद्यांची गरज नाही. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातील संशोधकांनी अशी एन्झाइमे घडवणारी पतंगांची जनुके तंबाखूच्या कुळातल्या एका रोपात घातली आणि २०१४ मध्ये दाखवून दिले, की त्या रोपाच्या पानांतही पतंगाच्या गंधाचे घटक तयार होतात. पानांतून काढलेले द्रव्य सापळ्यात ठेवल्यावर त्याकडे नर आलेही.