पेटीतली नाणी लाखाची नाहीत

‘वैष्णोदेवीचं नाणं, ट्रॅक्टरवाली पाचाची नोट आणा, लाखो रुपये न्या.’ हा मेसेज आमच्या गावात दर दिवाळीच्या साफसफाईला फिरतो. म्हातारी माणसं मग पेटी आवरतच नाहीत. माझी मायही म्हणायची, “ठेव बाप्पा, लाखाची चीज हाय ते.”

वैष्णोदेवीची पाच आणि दहाची नाणी 2012 साली निघाली, भरपूर निघाली. ट्रॅक्टरची नोट तर आपण किराण्याला देऊन संपवली! मेसेजमधल्या नंबरवर फोन केला की आधी ‘रजिस्ट्रेशन’चे पैसे मागतात, सगळी गोम तिथं आहे. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केलं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांत ती नाही आणि त्यासाठी फी किंवा कमिशन कधीच मागत नाही.

चार आणे 30 जून 2011 नंतर चलनातून गेले. आठ आणे मात्र अजून चालतात, दुकानदार तोंड वाकडं करतो तो भाग वेगळा. राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचं चित्र असलेला रुपया निघाला तर जपा: तोळाभर वजन, त्यात जवळपास 92 टक्के चांदी. सोनारापुढं वजन करूनच भाव बोला.

मायच्या बटव्यात राणीछाप नव्हता. भोकाचे सात पैसे होते, करदोड्यात ओवलेले. 1943 ते 47 मधले. बाजारात त्यांना फार भाव नाही, हे तिला सांगितलं. तिनं दोरा सोडला, सहा नातवंडांना वाटले. सातवा परत कनवटीला.