घोरतोय म्हणजे झोपलाय असं नाही

परळच्या एका मैदानावरची ऑगस्टमधली मॅच. पाऊस नुकताच थांबला होता, गोलपोस्टसमोर घोटाभर चिखल. कॉर्नर आला, आमचा स्टॉपर आणि त्यांचा गोलकीपर एकाच वेळी उडाले आणि नारळ फोडल्यासारखा आवाज झाला. गोलकीपर डोकं धरून उठला. आमचा पोरगा उठला नाही. वय वर्षं सोळा. उताणा पडलेला, डोळे अर्धवट उघडे, दोन्ही हात ताठ होऊन हवेत तसेच राहिलेले.

मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि टीमबरोबर मैदानावर जातो. पळत पोचलो तोवर पंधरा-वीस जण जमले होते. कुणी म्हणालं, पाणी मारा तोंडावर. कुणी कांदा आणायला धावलं, एकाने चप्पल काढली. ‘दातखिळी बसलीय, किल्ल्या घाला दातांत,’ असं एक जण ओरडला. तेवढ्यात मुलाचे हात सैल पडले आणि तो घोरायला लागला. घर्र, घर्र, खोल आणि ओलसर. ‘झोप लागली बघा, होईल ठीक,’ शेजारचा म्हणाला, आणि खरं सांगतो, मलाही क्षणभर हायसं वाटलं.

समोरच्या टीममधल्या एका मुलाची आई सिस्टर आहे. त्या गर्दीतून आत आल्या, ‘कुणी हलवू नका त्याला’ म्हणाल्या आणि साडीसकट चिखलात त्याच्या डोक्यामागे गुडघ्यांवर बसल्या. कोपरं जमिनीला टेकवली, दोन्ही तळव्यांत डोकं धरलं. कानाच्या पाळीखाली जबड्याचं हाड जिथे वळतं, तिथे मागून बोटं लावून त्यांनी खालचा जबडा वर उचलला. मान तसूभरही हलली नाही. पुढच्याच श्वासाला घोरणं थांबलं.

त्या एका हालचालीत काय घडलं, हे मी नंतर पोरांना फळ्यावर चित्र काढून समजावलं. जागेपणी जिभेचे आणि घशाचे स्नायू किंचित ताणलेले असतात, म्हणून उताणं झोपलं तरी हवेची वाट मोकळी राहते. शुद्ध हरपली की हा ताण जातो. जिभेचं मूळ सैल होऊन मागे घरंगळतं आणि घशाच्या मागच्या भिंतीला टेकतं. वाट अर्धी बुजली की घरघर ऐकू येते, पूर्ण बुजली की काहीच ऐकू येत नाही. म्हणजे जे ऐकून आम्हाला हायसं वाटलं, तो अडकलेल्या श्वासाचा आवाज होता.

‘जीभ गिळली’ हा शब्दप्रयोग मैदानावर सर्रास ऐकू येतो. जीभ गिळता येत नाही. तिचं मूळ खालच्या जबड्याला आतून आणि गळ्यातल्या एका छोट्या हाडाला बांधलेलं असतं. ती फक्त मागे पडते. आणि जबड्याला बांधलेली असल्यामुळेच जबडा पुढे उचलला की तीही पुढे येते. तोंडात बोट घालायची गरजच नाही. घातलं, तर दात आवळले जाऊन बोट तुटू शकतं, दात पडून घशात जाऊ शकतो, घशाला स्पर्श होऊन उलटी होऊ शकते. २ मार्च २०१७ ला देपोर्तिवोविरुद्धच्या सामन्यात अ‍ॅटलेटिको माद्रिदचा फर्नांडो टोरेस डोक्यावर धडक बसून कोसळला, तेव्हा सहकाऱ्यांनी त्याच्या तोंडात बोटं घातली होती. ती दृश्यं जगभर फिरली आणि बोटांनी जीभ ओढून जीव वाचवला अशी समजूत आणखी घट्ट झाली. त्या खेळाडूंची तळमळ खरी होती, पण आपल्या पोरांनी त्यांचं अनुकरण करू नये.

श्वासाची एवढी घाई का? मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असतो, पण २० टक्के ऑक्सिजन तोच वापरतो आणि साठा काहीच ठेवत नाही. ऑक्सिजन पूर्ण तुटला तर चार-पाच मिनिटांत पेशी मरू लागतात. धडकेने मेंदूला जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, ते आपण मैदानावर दुरुस्त करू शकत नाही. श्वास अडकून होणारं दुसरं नुकसान मात्र आपल्या हातात असतं.

मग मानेचं काय? डोक्याला बेशुद्ध करण्याइतका फटका बसला, तर मानेचा मणकाही दुखावला असेल असंच धरून चालायचं. म्हणून हातपाय धरून उचलून टचलाइनबाहेर नेणं, बसवणं, गदागदा हलवणं, सगळं बंद. शुद्ध गेलेल्याला पाणी पाजायचं नाही, ते थेट फुप्फुसात जाऊ शकतं. रेफरीला खेळ थांबवता येतो आणि गंभीर दुखापतीवर मैदानातच उपचार करायला नियमांची परवानगी आहे. तेव्हा मॅच खोळंबली तर खोळंबू द्यावी. मात्र मान आणि श्वास यांत निवड करायची वेळ आली तर श्वास आधी. जबडा उचलूनही हवा जात नसेल तर डोकं हलकेच मागे कलवावं. उलटी होत असेल तर डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून सगळं अंग एकदम कुशीवर वळवावं. चार जण असतील तर उत्तम, एकटे असलात तर एकट्याने, पण वळवायचंच.

आणि छाती हलतच नसेल तर? दहा सेकंद बघा: छाती वर-खाली होते का, नाकाशी गाल नेला तर हवा लागते का. मधूनच एखादी उचकीसारखी धाप लागत असेल, तर तो श्वास धरायचा नाही. अशा वेळी थेट सीपीआर. छातीच्या मधोमध, दोन्ही तळहात एकावर एक, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब. ५ डिसेंबर २००४ ला बंगळुरूत फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात डेम्पोचा क्रिस्टियानो ज्युनियर गोल करताना गोलकीपरवर आदळून कोसळला आणि वाचला नाही. १२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा क्रिस्टियन एरिक्सन कुणाचा धक्काही न लागता पडला, त्याचं हृदय थांबलं होतं. मैदानावरच सीपीआर आणि विजेचा झटका मिळाला, आणि पुढच्या वर्षी तो कतारच्या विश्वचषकात खेळला. पडलेल्याला बघून कारण डोकं की हृदय, हे सांगता येत नाही, आणि सांगायची गरजही नाही. श्वास आहे की नाही, एवढं बघता येतं.

हवेत ताठ राहिलेले हात आम्हाला फार भिववून गेले. डोक्याला झटका बसला की कवटीतल्या पाण्यात तरंगणारा मेंदू गर्रकन पिळवटतो आणि त्याचा धक्का खालच्या देठापर्यंत पोचतो. हात असे ताठ होणं ही त्याची खूण आहे, म्हणजे मार साधा नाही. काहींना आकडीही येते. ती बहुधा मिनिटा-दोन मिनिटांत आपोआप थांबते. अंगावर बसून हातपाय दाबू नयेत. आजूबाजूचे बूट, दगड दूर करावेत, वेळ मोजावी, आकडी थांबली की पुन्हा श्वास तपासावा. कांद्याने किंवा चपलेने काहीच होत नाही, उलट नाकापाशी काही धरलं की बेशुद्ध माणूस मान झटकतो.

दोनेक मिनिटांत आमचा पोरगा डोळे किलकिले करून विचारायला लागला, ‘सर, स्कोर काय?’ सांगितलं. अर्ध्या मिनिटाने पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारल्यावर माझ्या पोटात गोळा आला. २०१४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीचा ख्रिस्तोफ क्रामर असाच धडकला, तरीही जवळपास पाव तास खेळत राहिला आणि रेफरीलाच विचारू लागला की ही फायनल आहे का. नाव-पत्ता विचारून उपयोग नसतो, ते सहसा आठवत असतं. विचारायचं ते हे: आता कुठला हाफ चाललाय? शेवटचा गोल कुणी मारला? गेल्या आठवड्यात कुणाशी खेळलो? उत्तर चुकलं तर खेळ संपला. पण सगळी उत्तरं बरोबर आली म्हणूनही परत पाठवायचं नाही. क्षणभर जरी शुद्ध गेली असेल, तरी त्या दिवशी पुन्हा मैदान नाही. २०२४-२५ पासून फुटबॉलच्या नियमांत अशा खेळाडूसाठी जादा बदली खेळाडूची तरतूदही आली आहे, स्पर्धेच्या आयोजकांनी ती लागू करावी एवढंच.

१०८ ला फोन करताना एक मुलगा गेटबाहेर रस्त्यावर उभा करा. परळचं मैदान म्हटलं तर तीन निघतात, आणि संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये ड्रायव्हरला एक चुकीचं वळण परवडत नाही.

‘आता बरं वाटतंय, घरी जातो’ या वाक्याची मला सर्वांत जास्त धास्ती आहे. क्रिकेटपटू रमण लांबा फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात शॉर्ट लेगला हेल्मेटशिवाय उभा होता. चेंडू डोक्यावर आदळल्यावर तो आपल्या पायांनी ड्रेसिंग रूममध्ये गेला. काही दिवसांत तो गेला. कवटीच्या आत रक्तवाहिनी फुटली तर सुरुवातीला माणूस ठीक बोलतो-चालतो. कवटी काही फुगत नाही, त्यामुळे रक्त साठत गेलं की दाब मेंदूवर येतो. वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलटी, झापड, एका डोळ्याची बाहुली मोठी, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा स्राव, हातापायात कमजोरी: यांतलं एक जरी दिसलं तरी न्यूरोसर्जन असलेलं मोठं हॉस्पिटल गाठायचं. आणि शुद्ध गेली असेल, तर यांतलं काहीही नसतानाही त्याच दिवशी डॉक्टरांनी तपासायला हवं. तपासून घरी सोडलं तर झोपू द्यायला हरकत नाही, मात्र पहिली रात्र घरात एकटं ठेवू नये.

आमच्या पोराचं सीटी स्कॅन साफ आलं. पहिले दोन दिवस आराम, मग चालणं, मग हलकं धावणं. एकेक पायरी चढायची, त्रास वाढला तर एक पायरी खाली यायचं. हेडर सर्वांत शेवटी. तो चिडला, आईशी भांडला, माझ्याशी आठ दिवस बोलला नाही. मेंदू पहिल्या धक्क्यातून सावरत असताना दुसरा बसला तर, विशेषतः या वयात, क्वचित का होईना पण जिवावर बेततं. त्यामुळे तो गप्प राहिलेला मला चालला.

आता दर सीझनच्या पहिल्या दिवशी त्या सिस्टर येतात. बॉल बाजूला ठेवतो आणि पोरं आळीपाळीने ओल्या मातीत निजतात, बाकीचे चार जण वळवायचा सराव करतात. डोक्याशी बसलेला हुकूम देतो, इतरांनी फक्त ऐकायचं. यंदा डोक्याशी तोच होता. एकाने घाईने खांदा ओढला तेव्हा तो खेकसला, ‘अरे, मी तीन म्हटल्याशिवाय नाही.’ आणि त्याने पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.