टीची उंची (गोल्फ, ड्रायव्हरसाठी)

गोल्फमध्ये ड्रायव्हरनं (सगळ्यात लांब मारायची, मोठ्या डोक्याची काठी; गोल्फच्या काठीला क्लब म्हणतात) पहिला लांब फटका मारताना चेंडू ज्या छोट्या खुंटीवर ठेवतात ती टी, आणि ती जमिनीच्या वर किती राहू द्यायची याला टीची उंची म्हणतात. नेहमीचा ठोकताळा सगळ्यांना माहितीये, ड्रायव्हर चेंडूमागं टेकवला की अर्धा चेंडू त्याच्या माथ्याच्या वर दिसला पाहिजे. मापात सांगायचं तर चेंडूच्या बुडापासून जमिनीपर्यंत ३८ मिलिमीटर म्हणजे साधारण दीड इंच. पण हे माप कुठून आलं, ते सगळ्यांना सारखंच लागू का पडत नाही, आणि आपलं स्वतःचं माप कसं काढायचं, यावर मराठीत फारसं काही नीट लिहिलेलं सापडत नाही, म्हणून इथं जरा सविस्तर.

आधी नावाचं बघू, कारण त्यावरच जास्त वाद आहेत. 'टी' हा शब्द स्कॉटलंडचा. सतराव्या शतकातल्या स्कॉट बोलीत 'टीझ' असं रूप मिळतं आणि बहुतेक कोशकार असं धरतात की लोकांना त्यातला शेवटचा झ अनेकवचनाचा वाटला, तो गळाला आणि 'टी' उरला. दुसरं मत गेलिक भाषेतल्या घर या अर्थाच्या 'टिघ' शब्दाकडं बोट दाखवतं, पण ते बर्फावरच्या कर्लिंग खेळातल्या टीला जास्त लागू पडतं. इंग्रजी टी अक्षरासारखी दिसते म्हणून टी, असंही कुणी कुणी सांगतं, पण शब्द निघाला तेव्हा खुंटी नव्हतीच, वाळूचा ढीग होता, त्यामुळं ते मत मागाहून जुळवलेलं वाटतं. गोल्फचे सगळ्यात जुने लिखित नियम १७४४ चे, एडिंबराजवळच्या लीथचे, त्यातला पहिलाच नियम चेंडू भोकापासून एका क्लबच्या लांबीएवढ्या अंतरात टी करायचा असा आहे, आणि दुसरा म्हणजे टी जमिनीवरच पाहिजे. म्हणजे तेव्हा टी हे क्रियापदही होतं.

त्यानंतर जवळपास पावणेदोनशे वर्षं लोक ओल्या वाळूची चिमूट करून त्यावर चेंडू ठेवायचे. सुरुवातीच्या जागेशेजारी वाळूची आणि पाण्याची पेटी असायची, कॅडी, म्हणजे खेळाडूचे क्लब वाहणारा मदतनीस, हातानं शंकू वळायचा. उंची म्हणजे त्याच्या बोटांचा अंदाज. तयार टी कुणी काढली यावर मात्र एकमत नाही, कारण टी कशाला म्हणायचं यावरच एकमत नाही. १८८९ साली स्कॉटलंडच्या विल्यम ब्लॉक्सम आणि आर्थर डग्लस यांनी जमिनीवर नुसती ठेवायची रबरी टी पेटंट केली. १८९२ मध्ये पर्सी एलिसची 'परफेक्टम' आली, ती खाली टोचायची होती. मग १२ डिसेंबर १८९९ ला बोस्टनचे दंतवैद्य जॉर्ज फ्रँकलिन ग्रँट यांना लाकडी खुंटीवर रबरी नळी लावलेल्या टीचं पेटंट मिळालं. ग्रँट कृष्णवर्णीय होते, त्यांचे आईवडील आधी गुलामगिरीत होते, आणि त्यांनी ती टी विकायला काढलीच नाही, मित्रांना वाटली. अमेरिकन गोल्फ संघटनेनं त्यांचं श्रेय १९९१ मध्ये मान्य केलं. आणि १९२१ च्या सुमारास न्यू जर्सीच्या विल्यम लोवेल नावाच्या दुसऱ्या दंतवैद्यानं 'रेडी टी' बनवली, तेव्हाचा नावाजलेला गोल्फपटू वॉल्टर हेगननं ती दौऱ्यात वापरली आणि ती खपली. जुन्या बऱ्याच पुस्तकांत एकट्या लोवेलचंच नाव येतं ते या खपामुळं. आमच्या मते जमिनीत रोवायची लाकडी खुंटी ही कल्पना ग्रँटची आणि ती घरोघर नेली लोवेलनं, असं म्हणणं जास्त न्यायाचं.

उंचीचा प्रश्न खरा तापला तो ड्रायव्हरचं डोकं, म्हणजे चेंडूला लागणारा टोकाचा जाड भाग, मोठं झाल्यावर. पर्सिमन लाकडाचे ड्रायव्हर लहान डोक्याचे, धातूच्या मोठ्या डोक्याचा पहिला बिग बर्था ड्रायव्हर १९९१ चा तोही १९० घनसेंटीमीटरच्या आसपासचा, आणि आता नियमानं कमाल मर्यादा ४६० ची आहे. डोक्याची उंची ७१.१२ मिलिमीटरपर्यंत चालते. डोकं उंच झालं तसा चेंडूही वर न्यावा लागला. म्हणून जुन्या खेळाडूंची ५४ मिलिमीटरची टी आता ड्रायव्हरला पुरत नाही, ७० किंवा ८३ ची लागते.

आता हिशोब. चेंडूचा व्यास कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा धरा २१. बूड ३८ वर असेल तर चेंडूचं केंद्र जमिनीपासून ५९-६० वर आलं. ड्रायव्हरचं तोंड, म्हणजे डोक्याची चेंडूला भिडणारी बाजू, साधारण ६० उंच धरलं तर त्याचा मध्य ३० वर. म्हणजे क्लब जमीन घासत आला तर चेंडू तोंडाच्या अगदी वरच्या कडेला लागणार आणि सरळ आभाळात जाणार, माथ्यावर पांढरा ओरखडा राहील तो वेगळाच. तोच क्लब चेंडूजवळ येईतो जमिनीपासून २० मिलिमीटर उचलला गेला असेल तर चेंडू मध्याच्या १० मिलिमीटर वर लागतो, आणि हवा असतो तो नेमका तिथंच. म्हणजे अर्ध्या चेंडूचा ठोकताळा मुळात असं गृहीत धरतो की चेंडू पुढच्या पायाच्या टाचेसमोर आहे आणि क्लब वर चढत चाललाय. ज्याचा क्लब चढत नाही त्याला तो ठोकताळा लागूच पडत नाही, आणि नवीन माणसाची चूक बहुतेक इथंच होते, तो टी बदलतो, चेंडूची जागा बदलत नाही.

मध्याच्या वरच का, याचं कारण दुहेरी आहे. ड्रायव्हरचं तोंड सपाट नसतं, खालून वर थोडं फुगीर असतं. फुगवट्याची त्रिज्या ३० सेंटीमीटर धरली तर १० मिलिमीटर वर लागलेल्या चेंडूला जवळपास २ अंश जास्त लॉफ्ट (तोंडाचा मागं कललेला कोन) मिळतो, तो उंच सुटतो. दुसरं म्हणजे डोक्याचा गुरुत्वमध्य तोंडाच्या मागं असतो. वरच्या बाजूला धक्का बसला की डोकं मागं कलतं, आणि दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकल्यासारखी चेंडूची उलटी फिरकी कमी होते. उंच सुटलेला आणि कमी फिरणारा चेंडू लांब जातो. फार वर गेलं की मात्र चेंडूचा वेगच पडतो.

सगळेच वर चढत मारतात असंही नाही. फटका मोजणाऱ्या ट्रॅकमन रडारच्या प्रसिद्ध सरासऱ्यांत पुरुष व्यावसायिक ड्रायव्हरला साधारण १ अंश खाली मारतात, म्हणजे चेंडूला लागताना क्लब किंचित उतरत असतो, महिला व्यावसायिक जवळपास ३ अंश वर. खाली मारणाऱ्यानं टी थोडी बुटकीच ठेवावी, त्यात कमीपणा काही नाही.

आपली उंची काढायची सोपी रीत खडूची. शाळेतला खडू ओला न करता ड्रायव्हरच्या तोंडावर घासायचा, पातळ पांढरा थर दिसला पाहिजे, मग एकाच उंचीवर पाच-सहा फटके मारायचे, दरवेळी ठसा बघून पुसायचा आणि परत खडू लावायचा. चेंडूचा ठसा गोल, रुपयाच्या नाण्याएवढा उमटतो. ठसे खालच्या अर्ध्यात पडत असतील तर टी पाच मिलिमीटर वर, वरच्या कडेला जाऊन माथ्यावर चढत असतील तर पाच खाली, तोंडाच्या टाच-टोकाकडं, म्हणजे दांड्याकडच्या किंवा बाहेरच्या बाजूला, विखुरले असतील तर दोष टीचा नाही, उभं राहायच्या अंतराचा आहे, टीला हात लावू नये. ठसे मध्याच्या किंचित वर जमायला लागले की टीवर पेनानं रेघ मारायची आणि दरवेळी त्या रेघेपर्यंतच खोचायची. ७० ची टी असेल तर ३८ वर, ३२ आत. आम्हाला विचाराल तर नेमक्या आकड्यापेक्षा दरवेळी तीच उंची येणं जास्त मोलाचं आहे. ठरावीक खोलीवर अडवणारं कडं असलेल्या प्लॅस्टिकच्या टीनं हे काम आपोआप होतं, फक्त त्यांचे रंग सगळ्या कंपन्यांचे एकसारखे नसतात.

समोरून वारा असला की टी खाली घ्यावी असं बरेच शिक्षक सांगतात. काहींचं म्हणणं उलट, की खाली घेतली तर चेंडू तोंडाच्या खालच्या भागात लागतो, फिरकी वाढते आणि चेंडू वाऱ्यावर फुगून मागं येतो, त्यापेक्षा टी तीच ठेवून क्लब थोडा आखूड धरावा. वरचा गुरुत्वमध्याचा हिशोब पाहिला तर दुसरं मत जास्त पटतं.

नियमात टीची लांबी जास्तीत जास्त १०१.६ मिलिमीटर, म्हणजे ४ इंच. दिशा दाखवायला बनवलेली टी चालत नाही. मारायच्या आधी चेंडू टीवरून पडला तर दंड नाही, परत ठेवायचा. आणि वाळूचा ढीग आजही कायदेशीर आहे, चेंडू उंच करायला वाळू किंवा दुसरी नैसर्गिक वस्तू वापरता येते.

भारतात हा खेळ इंग्रजांबरोबर आला, कोलकात्याचा गोल्फ क्लब १८२९ चा, मुंबईचा १८४२ चा. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, इथं गोल्फ विरळच राहिला. पण टी खोचायचा अनुभव घ्यायचा तर आपल्या काळ्या रानासारखी जागा नाही. एप्रिल-मेमध्ये भेगाळलेल्या जमिनीत लाकडी टी जातच नाही, टोक मोडतं, आधी खिळ्यानं भोक पाडून घ्यावं लागतं, आणि भेगेजवळ खोचली तर ढेकूळच हलतं नि टी कलते. मुरमाड माळावर टी जेमतेम बोटाच्या पेरभर आत जाते, तिथं ८३ ची उपयोगाची नाही, ७० चीच घ्यावी, नाहीतर ती ठरलेल्या रेघेपेक्षा वरच राहते. पावसात काळी माती चिकट होते, टी सहज जाते पण चेंडूच्या वजनानंही कलती होते आणि उंची दर फटक्याला बदलते. पाऊस उघडून वापसा आला की त्या दोन-चार दिवसांत टी रेघेपर्यंत जाते आणि तिथंच राहते, खडूची चाचणी तेव्हाच करून घ्यावी.