दृश्यकला व डिझाइन, पदव्युत्तर शिक्षण : सोलापूर

कलापदवीनंतर सोलापूरच्या विद्यार्थ्यापुढे दोन वाटा असतात. चित्र, शिल्प, मुद्राचित्रण यांत स्वतःचे काम वाढवायचे तर एमएफए (ललित कलेतील पदव्युत्तर पदवी) किंवा एमव्हीए (दृश्यकलेतील पदव्युत्तर पदवी). वस्तू, वस्त्र किंवा संज्ञापनाची आखणी करायची तर एम. डिझाइन. पहिल्या वाटेवर मुंबईचे सर ज. जी. कला महाविद्यालय (१८५७) आणि बडोद्याची ललित कला विद्याशाखा (१९५०) ही जुनी ठिकाणे. दुसरीवर अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी (१९६१), आणि आयआयटी मुंबईतील डिझाइन विभाग, म्हणजे आयडीसी (१९६९).

पात्रता आधी तपासावी. एमएफएला सहसा बीएफए (ललित कलेतील पदवी) लागते, त्यामुळे फक्त जी. डी. आर्ट ही शासकीय कला पदविका असलेल्यांची तिथे अडचण होते. एम. डिझाइनच्या प्रवेशासाठी आयआयटी मुंबई घेत असलेल्या ‘सीड’ परीक्षेला मात्र ही पदविका एका वर्षाच्या कामाच्या अनुभवासह चालते. परीक्षेतला पहिला भाग संगणकावर, दुसरा कागदावर रेखाटनाचा. गुणवत्ता यादीत दुसऱ्या भागाचे वजन बरेच जास्त असते, म्हणून रोजचा रेखाटनाचा सराव कोणत्याही पाठांतरापेक्षा उपयोगी.

पोर्टफोलिओत, म्हणजे प्रवेशासाठी दाखवायच्या स्वतःच्या कामांच्या संचात, छायाचित्रावरून उतरवलेली व्यक्तिचित्रे भरणे ही नेहमीची चूक. त्यातून हात दिसतो, विचार दिसत नाही. निवडक १२ ते १५ कामे पुरतात. पण त्यांतल्या दोन-तीन कामांची कच्ची रेखाटने, फसलेले नमुने आणि बदलाची कारणे जोडलेली हवीत.

असा कच्च्या नमुन्यापासूनचा प्रवास दाखवता येणारा विषय सोलापूरच्या विद्यार्थ्याला दाराशीच आहे: जकार्ड चादर. जकार्ड म्हणजे नक्षीप्रमाणे ताणे हुकांनी उचलणारी मागावरची यंत्रणा; कोणते हुक उचलायचे ते भोके पाडलेली पुठ्ठ्याची कार्डे ठरवतात. भौगोलिक मानांकन मिळालेल्या या चादरीची नक्षी कागदावरून मागावर कशी जाते, हे अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील कारखान्यात परवानगी घेऊन पाहता येते. आलेख कागदावर एक उभी ओळ म्हणजे एक ताणा (उभा धागा), एक आडवी ओळ म्हणजे एक बाणा (आडवा धागा). एका ताण्याला एक हुक, एका बाण्याला एक कार्ड. समजा ४०० हुकांचे जकार्ड आहे आणि इंचाला ४० ताणे व ३० बाणे बसतात. मग नक्षीची रुंदी १० इंच आणि १० इंच उंचीला ३०० कार्डे. समान चौकटींच्या कागदावर ४०० बाय ४०० चौकटींचे वर्तुळ काढले, तर कापडावर ते १० इंच रुंद आणि सुमारे १३.३ इंच उंच उतरते. इथेच नवख्यांची नक्षी फसते. उपाय सोपा: कागदावर तेवढ्याच लांबीत आडव्या दिशेने ४० आणि उभ्या दिशेने ३० चौकटी बसतील अशा प्रमाणात त्या आखून घ्याव्यात. दुसऱ्या रंगाचा जादा बाणा घातला की त्या ओळीला आणखी एक कार्ड लागते, म्हणजे रंग वाढवल्यावर कार्डांचा खर्चही वाढतो. कारखानदाराशी बोलताना हा हिशेब तोंडपाठ हवा.

दुसरी खोड लांब तरंगणाऱ्या धाग्यांची. मोठा सपाट रंग भरला की धागा बराच वेळ बांधलाच जात नाही, आणि धुताना किंवा बांगडीत अडकून तो निघतो. अशा भागात मधूनमधून बांधणीचे ठिपके द्यावे लागतात. ते नियमित रांगेत पडले तर कापडावर नको असलेली तिरकी रेघ दिसते, म्हणून ते विखरून ठेवावेत. पोर्टफोलिओसाठी नमुन्याची दोन्ही बाजूंची छायाचित्रे सपाट उजेडात, मोजपट्टी ठेवून काढावीत. सुटे धागे अनेकदा उलट्या बाजूलाच दिसतात.