न्यूट्रॉन ताऱ्याचे परिवलन

सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमान आणि १०–१२ किमी. त्रिज्या असलेल्या न्यूट्रॉन ताऱ्याचे स्वतःच्या अक्षाभोवतीचे फिरणे. चुंबकीय अक्ष परिवलन अक्षाशी कललेला असल्यास ताऱ्याचा रेडिओ झोत दर फेरीला पृथ्वीवरून जातो. अशा ताऱ्यास पल्सार म्हणतात. जॉसेलिन बेल यांना १९६७ मध्ये केंब्रिज येथे आढळलेल्या पहिल्या पल्सारचा काल (लागोपाठच्या दोन ठोक्यांमधील, म्हणजे रेडिओ स्पंदांमधील, वेळ) १.३३७ से. आहे. हे ठोके न्यूट्रॉन ताऱ्याच्या परिवलनाचे असावेत, असे टॉमस गोल्ड यांनी १९६८ मध्ये मांडले. क्रॅब अभ्रिकेत (ताऱ्याच्या स्फोटातून उरलेल्या वायुमेघात) ३३ मिसे. (मिलिसेकंद) कालाचा पल्सार मिळाला व तो मंदावताना दिसला, तेव्हा त्यांचे मत मान्य झाले; श्वेत खुजा तारा (न्यूट्रॉन ताऱ्याहून बराच मोठा व विरळ मृत तारा) इतक्या वेगाने फिरल्यास विस्कटून जाईल.

उच्च माध्यमिक स्तरावर हा विषय बहुधा एकाच उदाहरणातून येतो : सूर्य आकसून १० किमी. त्रिज्येचा झाला, तर त्याचा काल किती? (महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या भौतिकशास्त्रात परिवलन गतिकी हे पहिलेच प्रकरण आहे.) बाह्य परिबल नसल्याने कोनीय संवेग (निरूढी परिबल व कोनीय वेग यांचा गुणाकार) कायम राहतो. दोन्ही गोल एकविध (सर्वत्र सारख्या घनतेचे) धरले की निरूढी परिबलातील (वस्तुमान अक्षापासून किती दूर पसरले आहे, हे दाखवणाऱ्या राशीतील) २/५ हा सहगुणक दोन्ही बाजूंनी जातो व काल त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. त्रिज्या ७ लक्ष किमी. व काल २५ दिवस घेतल्यास घट ४.९ × १०⁹ पट होऊन उत्तर ०.४४ मिसे. येते. गणित बरोबर, पण असा तारा टिकणार नाही. न्यूटनीय अंदाजाने, एका सौर वस्तुमानाच्या व या त्रिज्येच्या ताऱ्याचा काल ०.५४ मिसे.पेक्षा कमी झाला, तर विषुववृत्तावरील द्रव्य गुरुत्वाला धरून ठेवता येत नाही. दोष एकविधतेच्या गृहीतकात आहे. सूर्याचे द्रव्य केंद्राकडे एकवटलेले असल्याने त्याचा सहगुणक ०.४ नसून सु. ०.०७ आहे, तो वापरल्यास काल २.५ मिसे. मिळतो. गतिज ऊर्जा कायम धरणे ही दुसरी नेहमीची चूक. ती कोनीय वेगाच्याच पटीत वाढते आणि ही वाढ गुरुत्वीय ऊर्जेतून येते. शिवाय न्यूट्रॉन तारा सूर्यापासून बनत नाही. तो जड ताऱ्याच्या लोहगाभ्यापासून बनतो व कोसळण्यापूर्वी गाभ्याचा बराच कोनीय संवेग बाहेरच्या थरांत गेलेला असावा.

क्रॅब पल्सारचा काल दररोज सु. ३६ नॅनोसेकंदांनी वाढतो. निरूढी परिबल १०³⁸ किग्रॅ.मी.² धरल्यास ऊर्जाऱ्हास सु. ४.५ × १०³¹ वॉट, म्हणजे सूर्याच्या तेजस्वितेच्या लक्षपटीहून अधिक येतो. अभ्रिका यावरच उजळते. ऊर्जाऱ्हासाच्या सूत्रात कालाचा घन छेदात असतो, त्यामुळे मिलिसेकंदांचे सेकंद करायचे राहिले की उत्तर १०⁹ पटींनी चुकते. कालाला त्याच्या वाढीच्या दराच्या दुपटीने भागून मिळणारे वय सु. १,२६० वर्षे भरते, पण चिनी नोंदींनुसार हा पल्सार ज्यातून बनला तो अतिदीप्त नवतारा (ताऱ्याचा स्फोट) १०५४ मध्ये दिसला. या सूत्रात आरंभीचा काल नगण्य व मंदनांक (मंदावण्याचा दर कोनीय वेगाच्या कितव्या घाताच्या प्रमाणात आहे, तो अंक) ३ धरलेला असतो; प्रत्यक्षात मोजलेला मंदनांक सु. २.५ आहे.

सहचर ताऱ्याकडून द्रव्य मिळाल्यास जुना पल्सार पुन्हा वेग घेतो. टर्झन ५ या तारकागुच्छातील एक पल्सार सेकंदाला ७१६ फेऱ्या घेतो.

मंदावणाऱ्या पल्सारची गती कधी कधी एकाएकी वाढते. ही झेप प्रथम १९६९ मध्ये व्हेला पल्सारमध्ये (काल ८९ मिसे.) आढळली, वाढ सु. दहा लाखांत २ भाग होती. तिच्या कारणाविषयी दोन मते आहेत. पहिल्यानुसार गती घटताना ताऱ्याचा विषुववृत्तीय फुगवटा कमी व्हायला हवा, पण घन कवच त्याला अडवते. ताण वाढून कवच तडकले की निरूढी परिबल घटते व गती वाढते. मात्र व्हेलाच्या झेपा साधारण तीन वर्षांनी येतात आणि एवढ्या अवधीत तितका ताण साठणे शक्य दिसत नाही. अँडरसन व इतोह यांच्या १९७५ मधील दुसऱ्या मतानुसार आतील न्यूट्रॉनांच्या अतिप्रवाहीतील (घर्षणाविना वाहणाऱ्या द्रवातील) भोवरे कवचात अडकून पडतात. कवच मंदावते, अतिप्रवाही मात्र पूर्वीच्याच वेगाने फिरत राहतो आणि भोवरे एकदम सुटले की साठलेला कोनीय संवेग कवचाला मिळतो. झेपेनंतर गती पूर्वपदावर येण्यास अनेक दिवस ते आठवडे लागतात, हेही याच मताशी जुळते. व्हेलासाठी ते अधिक ग्राह्य वाटते; क्रॅबच्या लहान झेपांसाठी कवचभंगाचा पर्याय सोडून देता येत नाही. नारायणगावजवळील खोडद येथे ४५ मी. व्यासाच्या ३० अँटेना असलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीवर पल्सारांची कालनोंद घेतली जाते.