एमआयपी आणि एनआयपी: पावडर दिसायला तीच, मग फरक कुठे?

निपाणीच्या तंबाखूतलं निकोटिन ओळखणारा सेन्सर करायचा म्हटलं, की बेळगाव भागातली एम.एस्सी.ची मुलं हौसेनं एमआयपी करायला घेतात. एमआयपी म्हणजे रेणूचा ठसा घेतलेला पॉलिमर. एनआयपी हा त्याचा बिनठशाचा जोडीदार. बरेच जण त्याला फसलेला एमआयपी समजतात. तसं नाही, तो तुलनेसाठी मुद्दाम करावा लागतो.

क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकात निकोटिन, मेथाक्रिलिक ॲसिड आणि साखळ्या एकमेकींना जोडणारं ईजीडीएमए मिसळतात. नेहमीचं मोल-प्रमाण १:४:२०. ॲसिडचे कार्बॉक्सिल गट निकोटिनच्या दोन नायट्रोजनांभोवती जागा धरतात. मग नायट्रोजन वायू सोडून ऑक्सिजन हाकलायचा, नाहीतर साखळी वाढतच नाही. साखळी सुरू करून देणारं एआयबीएन घालून ६० अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवलं की पांढरा कडक गोळा होतो. तो कुटायचा, चाळायचा आणि सॉक्सलेटमध्ये, म्हणजे द्रावक पुन्हापुन्हा फिरवणाऱ्या काचेच्या उपकरणात, मिथेनॉल-ॲसेटिक ॲसिडनं धुवायचा. निकोटिन निघून गेलं की पोकळ्या उरतात.

एनआयपीला हेच सगळं, फक्त निकोटिन घालायचं नाही. ‘यात निकोटिनच नाही, मग धुवायचं कशाला?’ म्हणून धुण्याला फाटा देतात, तिथेच तुलना बिघडते. न जुळलेला मोनोमर, म्हणजे साखळीत न गुंफलेला सुटा कच्चा माल, दोन्हींत असतो.

खरी गंमत पुढे आहे. निकोटिन आम्लारीधर्मी, त्यामुळे ते एनआयपीलाही चिकटतं. कार्बॉक्सिल गट तिथेही आहेत, फक्त विस्कटलेले. समजा, एक ग्रॅम एमआयपीनं ४० मायक्रोमोल निकोटिन धरलं आणि एनआयपीनं ३२. गुणोत्तर १.२५. म्हणजे बहुतेक काम ठशाचं नव्हे, ॲसिडचं! नुसता ४० चा आकडा छापणारा तक्ता माझ्या मते निरुपयोगी.

कोटिनिन हा निकोटिनसारखाच रेणू लावून पॉलिमरचा निवडकपणा दाखवतात, त्यातही खोच आहे. कोटिनिन मुळातच दुबळं आम्लारी, ते एनआयपीलाही कमीच चिकटणार. म्हणून ती चाचणी दोन्ही पॉलिमरवर घ्यायची. लुंड विद्यापीठाच्या १९९३ च्या कामात थिओफायलिन या दम्याच्या औषधाच्या एमआयपीनं कॅफिनला दूर ठेवलं होतं. त्या दोघांत फरक एका मिथाइल गटाचा. कसोटी म्हणावी ती अशी.

एक दोष मात्र एमआयपीचा एकट्याचा: आत अडकलेलं निकोटिन नंतर हळूहळू पाझरतं. सेन्सरवर थर देण्याआधी शेवटच्या धुण्याच्या द्रावात निकोटिन उतरतंय का ते तपासा.