कुणाचा वेळ, कुणाचा मान

आज कुठल्याही मोठ्या ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, प्रकल्पात डोकावलं की कोडच्या फायलींच्या रांगेत आचारसंहितेची एक फाइल हमखास सापडते. सभ्यपणे बोला, व्यक्तीवर घसरू नका, तक्रार असेल तर अमुक पत्त्यावर कळवा. बहुतेक जण ती न उघडताच पुढे जातात. मीही कित्येक वर्षं तेच केलं. पण त्या फाइलमागे चाळीसेक वर्षांची भांडणं आहेत. नीट वागावं हे सगळ्यांनाच मान्य होतं. वाद पेटायचा तो नियमाने कुणाला सांभाळायचं यावरून: उत्तर देणाऱ्याला की विचारणाऱ्याला?

१९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांच्या डोक्यातून युजनेट निघालं, विषयवार गटांत संदेश लिहायचं-वाचायचं जाळं. संगणक एकमेकांना फोन लावायचे, साठलेले संदेश द्यायचे-घ्यायचे आणि फोन ठेवायचे. बिल कुणालातरी भरावं लागे, म्हणजे फालतू बडबडीलाही पैसे पडत. पुढे काही गट मॉडरेटेड झाले. तिथे लिहिलेलं थेट प्रसिद्ध होत नसे. ते मॉडरेटरच्या मेलमध्ये जाई आणि त्याला पटलं तर तो वर ‘अप्रूव्ह्ड’ अशी एक ओळ जोडून पुढे सोडी. गंमत अशी, की ती ओळ कुणालाही स्वतःच्या हाताने टंकता येत होती. दाराला कुलूप नव्हतं, नुसती कडी होती, आणि ती काढायची नाही एवढी रीत.

मॉडरेटर नसलेल्या गटात ज्याचं त्याने बघायचं. पुढे पर्ल ही प्रोग्रामिंग भाषा घडवणाऱ्या लॅरी वॉलने १९८४ मध्ये युजनेट वाचायला ‘आरएन’ नावाचा प्रोग्राम लिहिला. त्यात ‘किल फाइल’ची सोय होती: नकोशा माणसाचं नाव त्यात टाकलं की त्याचे संदेश तुमच्यापुरते गायब. असं कुणाला टाकलं की जाहीर उत्तरात ‘प्लाँक’ एवढाच शब्द लिहिण्याची पद्धत पडली. फाइलच्या तळाशी माणूस आपटल्याचा तो आवाज.

दर सप्टेंबरला विद्यापीठांत नवे विद्यार्थी दाखल व्हायचे, महिनाभर गोंधळ घालायचे आणि जुनी मंडळी कान पिळून त्यांना रीत शिकवायची. १९९३ नंतर व्यावसायिक सेवांमधून लोकांचा लोंढा बारमाही झाला, शिकवणारे मात्र तेवढेच राहिले. जुने लोक त्या काळाला ‘न संपणारा सप्टेंबर’ म्हणू लागले. तोवर तोंडी चालत आलेले रिवाज ऑक्टोबर १९९५ मध्ये आरएफसी १८५५ या इंटरनेटविषयीच्या दस्तऐवजात कागदावर आले. इंटेलच्या सॅली हॅम्ब्रिज यांनी तो लिहिला होता. ओळ ६५ अक्षरांच्या आत ठेवा. सही चार ओळींपेक्षा लांब नको. सगळी अक्षरं कॅपिटल म्हणजे ओरडणं. तुमचा लांबलचक मजकूर वाचणारा कदाचित मिनिटाच्या हिशेबाने पैसे भरतोय, याचंही भान त्यात करून दिलं आहे. सौजन्य म्हणजे समोरच्याचा वेळ आणि खिसा जपणं, इतका तो रोकडा व्यवहार होता.

२००१ मध्ये एरिक रेमंड आणि रिक मोएन यांनी प्रश्न शहाणपणाने कसे विचारावेत यावर मार्गदर्शिका लिहिली, तीही याच वळणाची. आधी शोधा, मॅन्युअल वाचा, एरर मेसेज जसाच्या तसा द्या, आणि उत्तर खरखरीत आलं तर मनाला लावून घेऊ नका. सल्ला बराचसा योग्यच आहे. फक्त सगळं ओझं विचारणाऱ्याच्या डोक्यावर. माझ्या पहिल्याच प्रश्नाला एके ठिकाणी दोन शब्दांत उत्तर मिळालं होतं, ‘मॅन्युअल वाच.’ ते मी वाचलं होतं. त्यातल्या नेमक्या कुठल्या वाक्याशी अडलोय, हे सांगण्यापुरतीही भाषा तेव्हा माझ्याकडे नव्हती.

प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ स्टॅक ओव्हरफ्लो २००८ मध्ये सुरू झालं आणि मॉडरेशन आकड्यांत मोजलं जाऊ लागलं. १५ गुण झाले की पसंतीचं मत देता येतं, १२५ ला नापसंतीचं, ३००० ला प्रश्न बंद करण्यासाठी मत. कल्पना हुशारीची होती, पण कल कुठे होता तो बघा. २०१० पासून चांगल्या उत्तराला १० गुण आणि चांगल्या प्रश्नाला ५. उत्तराला नापसंती दिली तर देणाऱ्याचा एक गुण जातो; प्रश्नाला दिली तर काहीच जात नाही. आपली जागा नवख्यांना परकी वाटते, हे एप्रिल २०१८ मध्ये कंपनीने स्वतःच जाहीरपणे कबूल केलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आचारसंहिता आली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये प्रश्नालाही १० गुण मिळू लागले.

लिनक्स कर्नलची, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, गोष्ट जास्त तिखट आहे. वाईट पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवणाऱ्याला लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स चारचौघांत सोलून काढायचे आणि अनेकांना त्याचा अभिमानही होता. दर्जा राखायचा तर असंच बोलावं लागतं, असं म्हणायचे. २०१३ मध्ये एका डेव्हलपरने त्यावर उघड आक्षेप घेतला. २०१५ मध्ये ‘कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट’ नावाचा छोटा मजकूर आला. तुमच्या कोडवर टीका होणारच हे त्यात आधी आणि त्रास वाटला तर कळवा हे नंतर. नावातच संघर्ष. १६ सप्टेंबर २०१८ ला टोरवाल्ड्स यांनी कर्नल ४.१९ च्या चौथ्या चाचणी आवृत्तीची घोषणा केली आणि त्याच मेलमध्ये आपल्या वागण्याने दुखावलेल्यांची, कदाचित कायमची दूर गेलेल्यांची माफी मागितली. लोकांच्या भावना कशा समजून घ्यायच्या यासाठी मदत घेणार आहे, असं लिहून ते काही आठवडे बाजूला झाले. त्याच वेळी नवी आचारसंहिता लागू झाली. ती कोरालाइन एडा एम्की यांनी २०१४ मध्ये लिहिलेल्या ‘कॉन्ट्रिब्युटर कव्हनंट’वर बेतलेली आहे. आता कोडचा दर्जा घसरणार अशी ओरड झाली. ४.१९ ऑक्टोबरमध्ये बाहेर पडला.

लिनक्सवरच उभ्या असलेल्या उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमने आचारसंहिता २००४ मध्ये जन्मासोबतच आणली होती आणि तिथे असा तमाशा झाला नाही. आधी असलेला नियम कुणाला बोचत नाही. सवय लागल्यावर आला की तो आपल्यावरचा आरोप वाटतो.

नियम आले, पण ते राबवणाऱ्यांचं काय? २२ नोव्हेंबर २०२१ ला रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या अख्ख्या मॉडरेशन टीमने राजीनामा दिला. सगळ्यांना नियम लागू होतात, प्रकल्प चालवणाऱ्या कोअर टीमला मात्र कुणी जाब विचारू शकत नाही, ही त्यांची तक्रार. कारभाराची घडी नव्याने बसून लीडरशिप कौन्सिल यायला २०२३ उजाडलं. त्याच साली ५ जूनला स्टॅक ओव्हरफ्लोचे अनेक मॉडरेटर संपावर गेले. एआयने लिहिलेली उत्तरं काढण्यावर कंपनीने बंधनं घातली होती. बिनपगारी माणसांचा संप ऑगस्टपर्यंत चालला.

आणि मग एक्सझेड. फायली आकसून छोट्या करणाऱ्या या छोट्या साधनाचा भार जवळजवळ एकाच माणसावर होता. २०२२ मध्ये अनोळखी नावांनी त्याच्यामागे लकडा लावला: पॅच सडत पडलेत, तुम्हाला रस उरलेला नाही, दुसऱ्याच्या हाती द्या. ती खाती बनावट असावीत, असं नंतर तपासणाऱ्यांना वाटलं. दुसऱ्याच्या हाती दिलंही गेलं, आणि त्या दुसऱ्याने फेब्रुवारी २०२४ च्या आवृत्तीत चोरवाट घातली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉग-इनला अर्धा सेकंद जास्त लागताना दिसला, म्हणून ती मार्चअखेर पकडली गेली. लकडा लावणाऱ्या त्या मेल आता वाचल्या तर आचारसंहितेचं कुठलं कलम लावावं कळत नाही. त्यांना तेव्हा मिळालेलं उत्तरही तिथेच आहे: हा बिनपैशाचा, छंदाचा प्रकल्प आहे, एवढं लक्षात ठेवलेलं बरं.